कोरड्या टाचा, स्वस्त फूट मास्क आणि आगरवाड्याचं मिठागर : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

उद्देश आधी लिहून ठेवते. ओलावा देणारा स्वस्तातला फूट मास्क, म्हणजे आतून द्रावाने भिजवलेला प्लॅस्टिकचा मोजा, कोरड्या टाचांना खरंच किती उपयोगी पडतो, तो उपयोग किती टिकतो आणि तेवढ्याच पैशात घरी काही जमतं का, हे बघायचं आहे.

माझ्या पार्लरमध्ये डिसेंबर लागला की टाचांची विचारणा वाढते. इकडे गोव्यातल्या पेडण्यात पहाटे दव पडतं, पण दिवस वर आला की पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो आणि पावसाळाभर मऊ राहिलेले पाय बघता बघता राठ होतात. पूर्ण पेडिक्युअर सगळ्यांना परवडत नाही. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्या तर पार्लरची पायरीही चढत नाहीत. माझं माहेर आगरवाड्याचं. आईने आणि शेजारच्या काकीने शापोरा नदीकाठच्या मिठागरात उभी हयात काढली. पावसाळ्यानंतर बांध दुरुस्त करायचे, चिखल तुडवून वाफे सपाट करायचे, मग मे महिन्यापर्यंत खाऱ्या पाण्यात अनवाणी उभं राहायचं. त्या टाचा डोळ्यांसमोर ठेवूनच हे काम हाती घेतलंय. पार्लरच्या गिऱ्हाइकांना त्यातून काही मिळालं तर तेही हवंच आहे.

पद्धत साधी ठेवते. उजव्या पायावर मास्क, डाव्यावर दुसरा काही उपाय. फोटो रोज सकाळी पार्लरच्या पुढच्या खिडकीत, त्याच उजेडात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. शिवाय सेलोटेपची चाचणी: टाचेवर टेप दाबायची, ओढून काढायची आणि काळ्या कागदावर चिकटवायची. कोरड्या कातडीची सुटलेली पांढरी साल कागदावर स्पष्ट दिसते. मऊपणा नुसत्या हाताने ठरवला तर मन आपल्याला हवं तेच सांगतं, कागद तसं करत नाही.

१० जानेवारी

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. शिवोलीमार्गे बसने गेले, गर्दीत उभ्यानेच. मसाल्याच्या आणि केळ्यांच्या ओळी पार करून कॉस्मेटिक्सच्या दुकानात पोचले, तिथे फूट मास्कची पाकिटं एका टोपलीत एकत्र टाकलेली होती. सगळ्यांवर गुलाबी पावलं, सगळ्यांत पायमोज्यांची एक जोडी. पण आत दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिला प्रकार सोलणारा. त्यात ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. तासभर किंवा त्याहून जास्त वेळ पाय मोज्यात ठेवायचे. त्या दिवशी काहीच दिसत नाही. मग तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, तळव्याची साल पापुद्र्यांनी निघू लागते आणि ते कितीतरी दिवस चालू राहतं. भेगा पडलेल्या टाचेवर, जखमेवर किंवा मधुमेह असलेल्याच्या पायावर हा प्रकार घालूच नये. मिठागरात उतरणाऱ्या बाईला तर तो शिक्षाच होईल, कारण नवी कोवळी कातडी थेट खाऱ्या पाण्यात जाईल.

दुसरा प्रकार ओलावा देणारा. वीस-तीस मिनिटं ठेवायचा, काही सोलत नाही. मला हाच हवा होता. ओळखायची खूण घटकांच्या यादीत असते. यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते, फक्त एक टक्क्याच्या आतले घटक पुढेमागे असू शकतात. मी घेतलेल्या पाकिटावर पाणी, ग्लिसरिन, युरिया, मग शिया बटर, त्यानंतर पँथेनॉल, अ‍ॅलन्टॉइन आणि शेवटी सुगंध. वरच्या तिघांत ग्लिसरिन आणि युरिया आहेत म्हटल्यावर पैसे द्यायला हरकत वाटली नाही. शेजारच्या पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत मध, गुलाब, दूध. मागे यादीत ते सगळं अगदी तळाला, सुगंधाच्या आसपास. ते ठेवून दिलं.

छापील किंमत दीडशे, दिला शंभरला. मुदतीची तारीख बघून घेतली. टोपलीतल्या मालाची तारीख नेहमी बघावी.

११ जानेवारी

आज मास्क लावला नाही. कोपराच्या आतल्या बाजूला चाचणी घ्यायची म्हणून पाकीट उघडलं असतं तर मोजे सुकले असते. त्यामुळे त्याच यादीतले ग्लिसरिन आणि युरिया असलेली पार्लरमधली क्रीम थोडी लावून रात्रभर ठेवली. लाली नाही, खाज नाही. सुगंधाची चाचणी राहिली, ती उद्या पायावरच होईल.

पायांची आजची अवस्था: दोन्ही टाचांची कड पिवळसर, जाड. उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला केसासारख्या बारीक चिरा, डाव्या टाचेवर जरा खोल, पण रक्त नाही. रात्री गोधडीचा धागा टाचेत अडकतो. सेलोटेप दोन्हींची पांढरी भरलेली, कागद दिसेना.

हे असं का होतं, याचं उत्तर गिऱ्हाइकांना नेहमी द्यावं लागतं. तळव्यांना तैलग्रंथीच नसतात. घामाच्या ग्रंथी भरपूर, पण अंगावर इतरत्र कातडीला जे तेल आपोआप मिळतं ते तळव्याला मिळत नाही. वरून तिथला मृत पेशींचा थर मिलीमीटरभर जाड, हाताच्या मागच्या बाजूपेक्षा कितीतरी पट. हा थर ओला असेल तर वाकतो, सुकला की तडकतो. उभं राहिल्यावर टाचेखालची चरबी दाबली जाते आणि बाजूंना पसरते, कडेची सुकी कातडी त्या ताणाने फाटते. म्हणून भेगा नेहमी कडेलाच असतात. आणि म्हणूनच मागून उघडी चप्पल घालणाऱ्यांना त्या जास्त पडतात, कारण पसरणाऱ्या टाचेला धरून ठेवणारं मागे काहीच नसतं. आपल्याकडे वर्षाचे बारा महिने सगळ्यांच्या पायात उघडी चप्पलच असते.

१२ जानेवारी, रविवार

पार्लर बंद. संध्याकाळी निवांत बसले.

आधी कोमट पाण्यात पाय, दहा मिनिटं. पाणी कोपराने तपासलं, हाताच्या बोटांना उष्णता कमी जाणवते. साबण नाही. मग ओल्या टाचेवर वज्री, हलक्या हाताने, एकाच दिशेने. काही ठिकाणी ब्लेडने साल काढून देतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मी माझ्या पार्लरमध्ये ते कधीच करू देत नाही. एक चुकीची चीर गेली तर महिनाभराचं दुखणं, आणि ब्लेडने खरवडलेली जागा आणखी जाड होऊन परत येते. पाय टिपून घेतले, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या केल्या.

उजव्या पायात मोजा. आत पातळ कापड, त्याला दाट दुधाळ द्राव, बाहेरून प्लॅस्टिक. घोट्याला चिकटपट्टी. गार लागलं, पण चिरांना झोंबलं नाही. पाकिटातला दुसरा मोजा जाऊबाईंना दिला, उघडल्यावर तो ठेवून उपयोग नव्हता. त्यांनीही उजव्याच पायात घातला. डावा पाय दोघींनी नुसता भिजवून, वज्री लावून तसाच ठेवला, म्हणजे भिजवण्याने किती फरक पडतो आणि मास्कने किती, हे वेगळं कळेल.

अर्धा तास आम्ही दोघी पाय स्टुलावर ठेवून बसलो. मोजा घालून घरात फिरायचं नाही, गुळगुळीत लादीवर पाय सरकतो. सासूबाईंनी चहा आणून दिला आणि म्हणाल्या, ‘‘एवढ्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी कशाला? पूर्वी आम्ही कोकमाचं तेल लावून वर केळीचं पान बांधायचो.’’ हे वाक्य लगेच लिहून ठेवलं. पान काय नि प्लॅस्टिक काय, पाणी उडू न देण्याचं काम दोन्ही करतात.

काढल्यावर पाय धुवायचा नाही. उरलेला द्राव चोळून जिरवला, बेचक्यांमधला मात्र पुसून काढला.

१३ जानेवारी

सकाळी उजवी टाच खरोखर मऊ. कड दाबली की वाकते. बारीक चिरा मिटल्यासारख्या. सेलोटेपवर तुरळक ठिपके. डावी टाच, नुसती भिजवलेली, कालच्यापेक्षा कोरडी. हे अपेक्षित होतं: पाण्यात भिजवून तशीच सोडलेली कातडी सुकताना आतला ओलावाही घेऊन जाते. पाय भिजवले की पाचेक मिनिटांच्या आत काहीतरी लावलंच पाहिजे, नाहीतर न भिजवलेले बरे.

जाऊबाईंचा पायही मऊ, पण त्यांना सुगंध सहन झाला नाही, रात्री डोकं धरलं. सुगंधाबद्दल पुढच्या खरेदीत बघायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. दिवसभर पार्लरमध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही. फोटो काढला, टेप घेतली, उजवी अजून चांगली.

१६ जानेवारी

आज कागदावरचं चित्र बदललं. उजव्या टाचेची टेप पुन्हा पांढरी दिसायला लागली. पहिल्या दिवसाइतकी नाही, पण कडेला तर जवळपास तेवढीच. गोधडीचा धागा काल रात्री पुन्हा अडकला.

मास्कने जे दिलं ते इतकंच होतं: ग्लिसरिन आणि युरिया पाणी धरून ठेवतात, वरचं प्लॅस्टिक ते उडू देत नाही, आणि अर्ध्या तासात तो जाड थर पाणी पिऊन फुगतो. पण तो थर झाकलेला राहिला तरच पाणी आत टिकतं. मोजा काढला, मी उघड्या चपलेत उभी राहिले, कोरडा वारा लागला आणि पाणी उडालं. मास्क खोटा नाही, त्याचं काम तेवढ्यापुरतंच आहे. पाकिटावर ‘एका वापरात रेशमी पाय’ असं छापलंय, ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळपुरतं खरं आहे. गिऱ्हाइकाने दर तीन-चार दिवसांनी शंभर रुपये घालायचे तर महिन्याचा हिशोब कुठे जाईल!

म्हणून प्रश्न आता असा: मास्कने भरलेला ओलावा रोज रात्री स्वस्तात कसा राखायचा?

१८ जानेवारी

डाव्या पायावर घरचा मोजा. सासूबाईंच्या वाक्यावरून सुचलेला.

साहित्य: औषधांच्या दुकानातलं ग्लिसरिन एक चमचा, पाणी दोन चमचे, एकत्र. ते ओल्या टाचेवर चोळून त्यावर कोकमाचं तेल. हे तेल आपल्याकडे भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचं काढतात. बिया वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेली चरबी गोळा करून गार झाली की हाताने वळायची. घट्ट पांढरट गोळा होतो, नेहमीच्या हवेत वितळत नाही. टाचेवर घासला की अंगाच्या उबेने हळूहळू पातळ होतो. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक आम्ल मुख्य, म्हणून तो पायावर दाट बसतो आणि खोबरेल तेलासारखा लगेच चादरीला लागत नाही. दरवर्षी मे महिन्यात सासूबाई बिया जपून ठेवतात, त्यामुळे घरात गोळा होताच.

वर दुधाची धुतलेली पिशवी, त्यावर जुना सुती मोजा. अर्धा तास.

१९ जानेवारी

डावी टाच मऊ, पण उजवी मास्कनंतरच्या सकाळी होती तितकी नाही. टेपवर तिच्यापेक्षा थोडे जास्त ठिपके. हा फरक युरियाचा असावा असं मला वाटतं. युरिया आपल्या कातडीत मुळातच असतो, पाणी धरणाऱ्या नैसर्गिक घटकांपैकी तो एक. पाच-दहा टक्के असला की ओलावा धरतो, वीस टक्क्यांच्या वर गेला की जाड साल सैल करायला लागतो, चाळीस टक्क्यांचा तर डॉक्टरच्या सल्ल्यानेच वापरायचा. ग्लिसरिन पाणी धरतं, पण जाड साल सैल करण्यात ते युरियाची बरोबरी करत नाही.

तरीही घरच्या मोज्याला खर्च जवळजवळ नाही. ग्लिसरिनची एक छोटी बाटली महिनोन्महिने पुरेल. जाऊबाईंनी डोकं न दुखता लावला आणि त्यांना हाच आवडला.

एक सावधगिरी: ग्लिसरिन पाणी न मिसळता लावू नये, आणि लावून उघडं ठेवू नये. कोरड्या हवेत ते कातडीच्या आतलंच पाणी ओढून घेतं.

२६ जानेवारी

सुट्टी होती, माहेरी आगरवाड्याला गेले. आजची नोंद लांब होणार.

बांधावर आई, काकी आणि आणखी दोघी. वाफ्यांची तयारी जवळजवळ झाली आहे. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीचं पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आटत आटत पाणी दहाव्या हिश्श्याच्या आसपास आलं की मीठ धरायला लागतं. म्हणजे ऐन हंगामात या बायकांचे पाय समुद्राहून कितीतरी पट खाऱ्या पाण्यात असतात. इतकं खारं पाणी कातडीतलं पाणी बाहेर ओढतं. वर येऊन उन्हात उभं राहिलं की पायावर मिठाचे कण सुकतात, ते चालताना भेगांत घासतात. मग पुन्हा पाणी, पुन्हा ऊन. ओलं-सुकं, ओलं-सुकं, दिवसभर हेच. आईच्या टाचा बघितल्या. कडेला नखाएवढ्या खोल भेगा, त्यात काळा चिखल कायमचा बसलेला. ‘‘दुखत नाय गो बाय, सवय जाली,’’ ती म्हणाली. मला ते ऐकवत नव्हतं.

मी सोबत मास्कची पाकिटं, ग्लिसरिन आणि युरियाची दहा टक्क्यांची क्रीम नेली होती. काकीने क्रीमची ट्यूब हातात घेतली, मी नाव वाचून दाखवलं तशी म्हणाली, ‘‘युरिया? भाताक घालतात तो?’’

तोच, पण तो नाही. हे समजावायला मी बराच वेळ दिला, कारण घरात गोणी असेल तर उद्या कुणीतरी तो पाण्यात विरघळवून पायाला लावेल. रेणू एकच. खतातल्या युरियात ४६ टक्के नत्र असतं म्हणून भाताला चालतो. पण त्या गोणीतल्या दाण्यांवर कडुनिंबाचा लेप असतो, आत बाययुरेटसारखी, युरिया बनतानाच तयार होणारी अशुद्धी राहिलेली असते, आणि किती टक्के द्राव होईल ते घरी मोजता येत नाही. पायाला लावायचा तो शुद्ध केलेला, क्रीममध्ये ठरावीक प्रमाणात घातलेला. काकी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे गोणीतला न्हय.’’ एवढं पक्कं झालं तरी माझं येणं सार्थकी लागलं.

काकीला मधुमेह आहे. तिच्यावर मी काहीच करून बघितलं नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, पाणी गरम आहे की मास्क झोंबतोय हे कळत नाही, आणि छोटी जखम मोठी होते. तिला सांगितलं ते इतकंच: रोज रात्री दिव्याखाली तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर सुनेला बघायला सांगायचे, पाय गरम पाण्यात घालायचे नाहीत, बेचक्या कोरड्या ठेवायच्या आणि पुढच्या तपासणीला पाय डॉक्टरांना मुद्दाम दाखवायचे. भेग लाल झाली, ओली झाली तर तपासणीची वाट न बघता जायचं.

आईच्या खोल भेगांत आज युरिया नाही लावला. उघड्या भेगेत तो झोंबतो. आधी साध्या पाण्याने धुऊन, टिपून, पेट्रोलियम जेली भरली आणि सुती मोजा घातला. एका पायाला फक्त एवढंच, दुसऱ्याला त्याआधी अर्धा तास मास्क, पण भेगांची जागा चिकटपट्टीने झाकून.

काकीच्या शेजारची बाई, वयाने माझ्याएवढी, तिच्या बेचक्यांत चिखल्या होत्या. पांढरी, ओली, फुगलेली कातडी, खाज. तिला मास्क दिला नाही. जिथे आधीच ओल साचून बुरशी धरलीय तिथे आणखी ओल कोंडणं म्हणजे बुरशीला खाऊ घालणं. तिला बुरशीवरचं मलम विचारायला औषधांच्या दुकानात नाही, दवाखान्यात जायला सांगितलं.

परत येताना एक गोष्ट डोक्यात घट्ट बसली. पार्लरमध्ये आपण काम संपल्यावर पायाची निगा राखतो. मिठागरात नुकसान होतं ते काम चालू असताना. मग संरक्षण पाण्यात उतरायच्या आधीच लावायला हवं.

२९ जानेवारी

आईला फोन केला. दोन्ही पायांत तिला फरक जाणवला नाही. म्हणाली, ‘‘जेलीचा पाय आणि तुझ्या मोज्याचा पाय, दोन्ही सारखेच.’’ खोल भेगा असलेल्या पायावर मास्कचा वेगळा फायदा दिसला नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. शंभर रुपये वाचले.

उतरायच्या आधी जेली लावायची कल्पना तिला सांगितली. तिने लगेच अडचण काढली: बांध चिखलाचा असतो, पायाला तेलकट लावून चाललं तर घसरून वाफ्यात पडेन. तिचं बरोबर आहे. जेली तळव्याला नाही, चवड्याला नाही, बोटांना नाही. फक्त टाचेच्या मागे आणि कडेला, भेगांच्या ओळीवर, बोटाने दाबून भरायची आणि वरचं पुसून टाकायचं. टाचेची मागची कड जमिनीला टेकत नाही, तिथून घसरणार नाही. उद्यापासून करून बघते म्हणाली. गमबूट घालता येत नाहीत का, हेही विचारलं. वाफ्याचा तळ पायाने चाचपून सपाट करायचा असतो, बुटाने ते कळत नाही, असं उत्तर आलं. ज्याचं काम त्यालाच ठाऊक.

४ फेब्रुवारी

रथसप्तमी. शेवटची हळदीकुंकवं, पार्लर भरलेलं. गिऱ्हाइकांपैकी ज्यांच्या टाचा कोरड्या पण न फाटलेल्या होत्या, त्यांना गेल्या आठवड्यात मास्क करून दिला होता आणि घरी रोज रात्री दहा टक्क्यांची युरिया क्रीम लावून वर मोजा घालायला सांगितलं होतं. आज आल्या त्यांच्यापैकी ज्यांनी क्रीम नेमाने लावली त्यांच्या टाचा मास्कच्या दुसऱ्या सकाळसारख्याच. ज्यांनी नाही लावली त्या पुन्हा मास्क मागायला आल्या. माझ्या मदतनीस मुलीने टेप घेऊन कागद दाखवला तेव्हा बायकांना सांगावं लागलं नाही, कागदावरच दिसत होतं.

मास्कची एक बाजू मला आज पटली. पहिल्याच रात्रीत मिळणारा मऊपणा माणसाला धीर देतो. नुसती क्रीम दिली असती तर आठवडाभर वाट बघायची चिकाटी बऱ्याच जणींनी दाखवली नसती.

११ फेब्रुवारी

माझे दोन पाय, आतापर्यंत. उजवा: सुरुवातीला मास्क, नंतर रोज रात्री युरिया क्रीम आणि मोजा. डावा: ग्लिसरिन-पाणी, कोकमतेल आणि मोजा. आजच्या टेपा शेजारी शेजारी चिकटवल्या. उजवी जवळजवळ स्वच्छ. डावीवर कडेला थोडी साल, मधे स्वच्छ. गोधडी दोन्हीकडे अडकत नाही. डाव्या टाचेच्या जुन्या खोल चिरा भरल्या आहेत.

माझ्या टाचांना यापुढे मास्कची गरज नाही. जाऊबाई कोकमतेलावरच राहणार, त्यांचं ठरलं.

१६ फेब्रुवारी

पुन्हा आगरवाडा. वाफ्यांत पहिलं मीठ धरलंय.

आईच्या टाचा अजून जाड आहेत, इतक्या वर्षांचं ते महिन्यात जाणार नाही. पण कडेच्या भेगांपैकी वरच्या मिटल्या आहेत आणि सगळ्यांत खोल होती ती उथळ झाली आहे. चिखल आत बसत नाही, कारण आत आधीच जेली असते. ती सकाळी उतरायच्या आधी कडेला जेली भरते. दुपारी वर आली की गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाकते, मिठाचे कण पायावर सुकू देत नाही. रात्री पुन्हा जेली आणि मोजा. भेग मिटलेल्या भागावर आजपासून युरिया क्रीम सुरू केली. झोंबली नाही. घसरणं एकदाही झालं नाही, मी मुद्दाम विचारलं.

‘‘पांय मोव जाले गो,’’ शेजारच्या बाईने आईची टाच चाचपून बघितली आणि मला म्हणाली, ‘‘माका पण दी.’’ तिच्या चिखल्या दवाखान्यातल्या मलमाने सुकल्या आहेत, म्हणून तिलाही आज जेली दिली, पण बेचक्यांत अजिबात लावायची नाही या अटीवर.

ठरलेलं असं. पार्लरमध्ये ओलावा देणारा मास्क ठेवणार, सुगंध नसलेला मिळाला तरच, आणि तो कोरड्या पण न फाटलेल्या टाचांसाठी, क्रीमसोबतच. नुसता मास्क विकायचा नाही. सोलणारा मास्क ठेवणार नाही, कुणी मागितला तरी. मधुमेह आहे का हे मास्क लावण्याआधी प्रत्येकीला विचारायचं, भिंतीवर तसा कागद लावायचा.

आगरवाड्यासाठी मास्क नको. त्याच पैशात पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा आणि जुन्या सुती मोज्यांच्या जोड्या. मोजे मी गिऱ्हाइकांकडून गोळा करते आहे, धुऊन, उकळून. युरियाची क्रीम भेगा मिटल्यावर, एकेकीचा पाय बघून. पुढची भेट मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सेलोटेप आणि काळा कागद घेऊन. तेव्हा पाणी आजच्याहून खूप खारं झालेलं असेल, आणि जेली टिकते की नाही ते तेव्हाच कळेल.